विमलअक्काला पौर्णिमा नव्हती

मेहरूणच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवालीकडे परवा भरताची वांगी आली. हिरवट पांढरी, तळहातात न मावणारी, देठाला बारीक काटे असलेली. आमच्या जळगावात हिवाळा पंचांगात बघावा लागत नाही, तो असा गोणपाटावर येऊन बसतो. भाजीवालीनं सवयीनं माझ्या हातातली मोठी पिशवी ओढून घेतली आणि विचारलं, "अक्का, यंदा भरीत पार्टी कुठं?" मी म्हटलं, "एकच दे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की घरात काही वाईट घडलंय का विचारावं की नाही, हे तिला कळेना. शेवटी तिनं निवडून एक वांगं दिलं आणि वर कोथिंबीर फुकट टाकली.

तिचं तरी काय चुकलं? भरीत हा एकट्यादुकट्यानं खायचा पदार्थच नाही. ते शेतात करायचं. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात उलटीपालटी होणारी वांगी, साल फुटून आत शिरणारा तो धुराचा वास. मग पाण्यात बोटं बुडवत काळी साल सोलायची, लाकडी बडगीत गर ठेचायचा, तेलात लसूण-मिरची तडतडली की शेंगदाणे आणि कांद्याची पात घालायची. केळीच्या पानावर ते गरम भरीत, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि आजूबाजूला जवळची, लांबची, नावंही नीट माहीत नसलेली माणसं. पोट भरल्यावर बांधावर आडवं व्हायचं आणि न आलेल्या नातेवाइकांची निंदा करायची. हा सगळा मिळून तो पदार्थ होतो. गॅसवर एक वांगं भाजून जे होतं, त्याला आपण वांग्याची भाजी म्हणावं.

असं असूनही मी एकच घेतलं. त्याला कारण एक लांडगा आहे.

लांडगा म्हणजे खरा नव्हे, मोबाइलमधला. जयू माझी मामेबहीण, माझ्याहून बरीच लहान. तिला मी कडेवर घेऊन हिंडवलेलं आहे. लग्न होऊन ती धुळ्याला गेली, मुलं मोठी झाली, आणि अचानक एका हिवाळ्याच्या तोंडी तिचा फोन आला. "अक्का, मी गोष्ट लिहिते आहे. हसू नको. लांडगामाणसांची आहे." मोबाइलवर कथा वाचायचं एक ॲप होतं, तिथे ती टोपणनावानं दर आठवड्याला एक भाग टाकणार होती. माझी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं. शिवाय माझे यजमान दीपनगरच्या वीज केंद्रात होते आणि जळगावात घर होईपर्यंत आमचा संसार तिथल्या वसाहतीत झाला. जयूचा लांडगा नेमका दीपनगरला नोकरी करत होता.

रणजित त्याचं नाव. दिवसा बॉयलरवर, आणि पौर्णिमेला अंगावर केस. गोष्टीचं नाव होतं 'राखेवरचे पंजे'. ते नाव मीच सुचवलं. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर राखेचा बारीक थर कसा बसतो, पाळी बदलताना भोंगा कसा वाजतो, चिमण्यांचा धूर कोणत्या महिन्यात कुठे वळतो, हे मी तिला सांगायचे आणि पुढच्या भागात ते छापून आलेलं वाचताना मला उगाचच मान वर करून बसावंसं वाटायचं. रणजितची टोळी भुसावळपासून यावलपर्यंतच्या केळीच्या बागांमधून लपून राहायची. टोळीची म्होरकी होती मोठीआई, म्हातारी लांडगीण, अंथरुणाला खिळलेली. आणि तिची मुलगी विमलअक्का.

विमलअक्का लांडग्यांच्या घरात जन्मली, पण तिच्या अंगात लांडगा कधी उतरलाच नाही. घरात ती एकटी निव्वळ माणूस. पौर्णिमेला बाकीचे उंडारायला जायचे आणि सकाळी चिखलानं, रक्तानं माखून परत यायचे. विमलअक्का अंगण धुवायची, रक्ताचे कपडे भिजत घालायची, म्हातारीचं करायची, आणि हे सगळं करताना तिचं तोंड एक क्षण बंद नसायचं. रणजितनं पळवून आणलेल्या तन्वीला ती विचारायची, "भाकरी येते का, की नुसतेच डोळे मोठे करता येतात?" कुणी दुसरी वेळ भात घेतला की तिची नजर पातेल्याकडे जायची. कुणाच्या आनंदात तिला आनंद नाही, कुणाचं गुपित तिच्या पोटात टिकत नाही. वाचकांना ती आली रे आली की शिसारी यायची. खाली शेरे पडायचे, "ही बया मरत का नाही?"

आणि मला तर ती भारीच नावडायची! मी एकदा शेऱ्यात लिहिलंसुद्धा, "अशी बाई देवानं कुणाच्या घरी देऊ नये." वर्गात एखादं व्रात्य पोर असतं, ते गैरहजर असलं की वर्ग शांत असतो पण तास रंगत नाही, तसं तिचं होतं. तिच्यावाचून भाग अळणी लागायचा. म्हणून तपासायला आलेल्या मजकुरात मी नुसते ऱ्हस्व-दीर्घ सुधारून थांबायचे नाही. जयूला फोन करून सांगायचे, "अगं, विमलअक्का असं मिळमिळीत नाही बोलणार. ती म्हणेल, 'आमच्याकडे पाहुणे येतात, राहायला नाही येत.'" पलीकडून जयू खो खो हसायची. "अक्का, तुला कसं गं हे बरोब्बर सुचतं?" मी म्हणायचे, शाळेत अशा बायका पाहिल्यात मी चिक्कार. ती आणखी हसायची. ते हसू मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

एकदा तिनं विचारलं, "अक्का, गोष्ट संपत आलीय. विमलअक्काचं काय करू? सुधारू का तिला?"

"सुधारते कसली," मी म्हटलं. "मार. आणि पटकन नको मारू, लोक एवढे दिवस वाट बघतायत."

पुढे पौष आला आणि जयूच्या दिरांनी त्यांच्या शेतात पार्टी ठरवली. साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांचं शेत आहे. तिकडची थंडी आमच्या थंडीपेक्षा कोरडी, डोंगरावरून येणारी, कानात शिरणारी. मी जळगावहून वांगी आणि केळीची पानं घेऊन गेले होते, कारण भरताला वांगं आमच्याकडचंच लागतं, यावर माझं कुणाशीही भांडायची तयारी असते. भाजायचं कामही माझंच. जाळाशी बसून, वांगं देठाजवळ नुसत्या बोटांनी दाबून बघायचं. मऊ लागलं की झालं. चिमट्यानं ते कळत नाही. बोटं पोळतात, मग मी ती दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावते. लहानपणापासूनची सवय आहे, तिथे गार असतं.

मी कानाला हात लावला आणि समोरून कुणीतरी फिसकन हसलं. जयूची पुतणी ऋतुजा, कॉलेजात जाणारी. तिच्या तोंडून निघून गेलं, "सेम विमलअक्का!" आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. बाकीच्या बायका एकदम बडगीकडे, चुलीकडे, आभाळाकडे बघायला लागल्या. विमलअक्काही पोळलेली बोटं कानाला लावायची, हे मला त्या क्षणी आठवलं. मीच त्या भागातला 'पाळी' हा शब्द दुरुस्त केला होता.

जयूच्या सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, माझ्याशेजारी लसूण सोलत होत्या. त्यांच्या मनात काही नसतं, जे असतं ते ओठावर येतं. त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "अव माय, तुले म्हाईतच नही का? ती विमलअक्का म्हंजे तूच शे ना! बठ्ठा घरले म्हाईत शे. ही पोरगी वाची दाखाडस आम्हले." मग माझा चेहरा बघून त्या जरा थांबल्या. "माले वाटनं, तुले इचारीसनच लिखं व्हई तिनी."

मी हसले. दुसरं काय करणार? मोठ्यानं हसले, "मग काय, फुकटात प्रसिद्ध झाले मी," असंही म्हटलं, आणि पुढची वांगी जाळावर टाकली. जयू कुठून तरी धावत आली आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "गंमत गं अक्का, थोडीशी तुझी लकब घेतली, एवढंच." मी म्हटलं, घे ना. सगळे जेवले, वाखाणून वाखाणून जेवले. मला चव कळली नाही. कुणीतरी दुसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं आणि माझी नजर आपोआप पातेल्याकडे गेली. ती तिथून कशी काढून घ्यावी, तेही मला कळेना.

तरी सांगते, एवढ्यावर मी राग धरला नसता. येताना एसटीत मी स्वतःची समजूत घातली. आपला आवाज टेपवर ऐकला की आपल्याला तो कुणा भलत्याचाच वाटतो, तसं झालं असेल. मी टोचून बोलते हे काय मला माहीत नाही? चाळीस पोरांचा वर्ग गोड बोलून आवरत नसतो. आपण एखाद्या गोष्टीत गेलो, आणि दुय्यम का होईना लक्षात राहिलो, हेही काही कमी नाही. पारोळ्यापर्यंत माझा राग बराच निवळला होता.

पुढचा भाग माझ्याकडे तपासायला आलाच नाही. थेट ॲपवर आला. मी तो सकाळी चहा घेताना उघडला. त्यात मोठीआई मरते. टोळी परसात जमते, लांडगे आभाळाकडे तोंड करून रडतात, तन्वी म्हातारीच्या पायावर डोकं ठेवते. आणि विमलअक्का कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून उभी असते. ती म्हणते, "चला, आता उद्या उशिरा उठता येईल."

चहा तसाच राहिला.

माझी आई शेवटची कितीतरी वर्षं आमच्याकडे होती, अंथरुणावर. मी एकटी मुलगी. उजाडायच्या आत उठून तिचं सगळं करायचं, मग शाळा, मग पुन्हा तिचं. तक्रार म्हणून नाही सांगत, ते होतं तसं होतं. ती गेली, दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि त्या संध्याकाळी जयू मला जरा मोकळं वाटावं म्हणून मेहरूणच्या तळ्यावर घेऊन गेली. पाण्यावर वारा होता. आम्ही कठड्यावर बसलो होतो. मी तिला म्हटलं, "जयू, एक सांगू? आईचा श्वास थांबला तेव्हा मला पहिली गोष्ट काय सुचली माहीतंय? की आता उद्या उशिरा उठता येईल. रडू नंतर आलं. आधी हे आलं." हे मी यजमानांना सांगितलं नव्हतं, पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं. जयूनं माझा हात हातात घेतला, कितीतरी वेळ धरून ठेवला, आणि म्हणाली, "मला समजतं, अक्का." त्या तीन शब्दांवर मी पुढची वर्षं निर्धास्त होते.

आणि आता ते वाक्य तिथे पडलेलं होतं, सगळ्यांना पायाखाली घ्यायला. त्याच्याखाली शेऱ्यांची रांग. आईच्या प्रेतापाशी असं बोलणारी बाई माणूस आहे की कोण. हिला कुत्र्याचं मरण यावं. ते मरणही त्याच भागात होतं. टोळी तिला केळीच्या बागेत गाठते. मी सांगितलं होतं तसंच झालं, पटकन नव्हतं मारलं. शेवटी टाळ्यांची चित्रंच चित्रं.

तेव्हापासून मी या लांडग्यांच्या गोष्टींचा फार विचार केलेला आहे. माझ्या वयाच्या बाईनं करावा त्याहून जास्त. रणजितनं त्या गोष्टीत किती माणसं फाडली! रखवालदार फाडला, सावत्र काका फाडला, एक तर बिचारा केळीचे घड वाहणारा ट्रकवाला होता. वाचकांनी दर वेळी हळहळून लिहिलं, त्याचा काय दोष, पौर्णिमा होती. तो शुद्धीवर येऊन रडला की त्याच्यावर जीव ओवाळून टाकला. विमलअक्कानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. तिनं फक्त तोंड वाकडं केलं, भात मोजला, आणि थकल्यावर एक वाक्य बोलली. तिला क्षमा नाही, कारण तिला पौर्णिमा नाही. महिन्यातली एक रात्र सगळ्यांनी तिच्यापासून लांब राहावं आणि सकाळी म्हणावं, ती ती नव्हतीच, अशी सोय तिला कुणी दिलेली नाही. तिनं वर्षभर शुद्धीत राहायचं. आणि लांडग्यांनी माखलेलं अंगण सकाळी धुतलं कुणी, हे गोष्टीत एका ओळीत आटोपतं. मला आता अशा कुठल्याही गोष्टीत नायकाकडे बघवत नाही. मी मागे उभ्या असलेल्या, कुणालाच न आवडणाऱ्या बाईला शोधते आणि मनात म्हणते, हिनं हे कुणाला विश्वासानं सांगितलं असेल?

मी फोन नाही केला. फोनवर माझा आवाज चढतो. सरळ धुळ्याची एसटी धरली आणि भरदुपारी जयूच्या दारात उभी राहिले. घरात ती एकटीच होती. तिनं चहा टाकला, बिस्किटं काढली, मुलांचं काहीबाही सांगत राहिली. मी म्हटलं, "जयू, ते वाक्य माझं आहे."

"कोणतं?"

मी मोबाइल काढून तो भाग तिच्यापुढे धरला.

"अक्का, गोष्ट आहे ती," ती म्हणाली. "मी कुठं लिहिलं की ती तू आहेस? तुला ती तू वाटली, त्याला मी काय करणार?"

काय पेच आहे बघा. कबूल केलं तर मी ती, नाकारलं तर मग तक्रार कसली. लिहिणाऱ्या माणसाला ही पळवाट कोण शिकवतं कोण जाणे. पण मी जन्मभर पोरांच्या सबबी ऐकलेल्या आहेत. मी विचारलं, "मग तेवढा एकच भाग माझ्याकडे तपासायला का नाही आला?"

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि पुसत राहिली. ओटा स्वच्छ झाला तरी पुसत राहिली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलली.

"ती माझी आत्या होती, अक्का. मला आईपेक्षा जास्त जीव लावलेला तिनं. आणि तू तळ्यावर बसून ते म्हणालीस. मला वाटलं, असं मनात असणाऱ्या बाईच्या हातून आत्याला पाणी मिळत होतं. इतकी वर्षं तेच टोचत होतं. कुठं तरी काढायचंच होतं मला."

"तू म्हणालीस, समजतं."

"मग काय म्हणणार होते? नुकते दिवस झाले होते."

मला वाटलं होतं, जयूनं माझं गुपित चोरलं. ते परवडलं असतं. चोर निदान वस्तूची किंमत ओळखतो. पण तिनं त्या संध्याकाळीच मला मनातून उतरवून टाकलं होतं आणि वर माझा हात धरून बसली होती. त्यानंतरच्या सगळ्या दिवाळ्या, सगळी माहेरपणं, तिच्या मुलीच्या बारशाला मी शिवलेली दुपटी, फोनवरची ती खो खो हसणी, सगळं पुन्हा काढून तपासावं लागलं. त्यातलं खरं किती हे अजून मला ठरवता आलेलं नाही. मी चहा न घेता उठले. तिनं खालपर्यंत सोडायला येते म्हटलं, मी नको म्हटलं. स्टँडवर एसटीची वाट बघताना एक बाई मला म्हणाली, "मावशी, बसा ना इथं." तिच्या त्या साध्या बोलण्यानं मला जे रडू फुटलं, ते आईच्या वेळीही तसं फुटलं नव्हतं.

आम्ही बोलणं सोडलं नाही. आमच्याकडे बोलणं सोडत नाहीत, सणावाराला तोंडं दाखवावी लागतात. जयूनं नंतर माफीही मागितली, रडून मागितली, मी दिलीही. पण गेल्या हिवाळ्यात पिंपळनेरच्या पार्टीला गुडघा दुखतो म्हणून गेले नाही, यंदाही दुखणार आहे.

काल ते एक वांगं गॅसवर भाजत होते तेव्हा तिचा फोन आला. बाहेर ऊन पडलं होतं आणि आमच्या यजमानांनी कपडे चढवले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात वीज केंद्रातले ते जड बूट. दाराशी उभे राहून विचारत होते, "बस अजून कशी आली नाही? पहिली पाळी आहे माझी." निवृत्त होऊन किती वर्षं झाली. उन्हाळ्यापासून हे असं सुरू झालंय, आधी किल्ल्या विसरायचे, मग नावं, मग दिवस. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, त्याला वाटतं आई खंबीर आहे. माझ्या मनात काय येतं ते मी त्याला कसं सांगू? मला वाईट वाटत नाही, राग येतो. इतक्या मायेच्या माणसाचा राग येतो. पुन्हा एकदा हे सगळं माझ्याच वाट्याला का, असा. आणि हे जर कुणाजवळ बोलले नाही, तर एक दिवस मी त्यांच्यावर हात उगारेन अशी मला भीती वाटते. बोलायला माझ्या आयुष्यात एकच जागा होती.

"अक्का, ऐकतेयस ना?" जयू विचारत होती. "नवी गोष्ट सुरू करतेय. ते राहू दे. तू पहिल्यासारखं काही सांगतच नाहीस गं. भाऊजी कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "आता बाहेर निघालेत, फिरायला."

"नशीबवान आहेस, अक्का."

"हो ना," मी म्हटलं, फोन ठेवला, आणि दाराशी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.